बाळंतपण इंदुरात की गावात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांतल्या मराठी घरांत एक तरी लेक महू, सांवेर किंवा देपालपूरकडे दिलेली असते, नाहीतर सून धार-खरगोनकडून आलेली असते. घरात कामाला येणाऱ्या बाईचं गाव तर बहुतेक वेळा झाबुआ-अलीराजपूरकडचं. या सगळ्यांच्या बाळंतपणाबद्दल आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ही माहिती डॉक्टरच्या जागी वापरू नका. डॉक्टरकडे जाताना काय विचारायचं, हे कळावं म्हणून ती आहे.

इंदूर एवढं जवळ असताना आसपासच्या गावांतल्या बायकांना खरंच काही कमी पडतं का?

पडतं, पण ते कुठे पडतं याबद्दल आपले अंदाज जुने झालेत. "गावात अजून घरीच बाळंत होतात" हे वाक्य शहरात सर्रास ऐकू येतं, आणि ते आता फारसं खरं नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सुमारे ९४ टक्के शहरी आणि ८७ टक्के ग्रामीण बाळंतपणं दवाखान्यात झाली. मध्य प्रदेशात २००५–०६ साली हे प्रमाण जेमतेम २६ टक्के होतं, ते आता ९० च्या पुढे गेलंय. २००५ साली सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशा ताई आणि फोन केल्यावर येणारी गाडी, या तिन्हींचा त्यात वाटा आहे.

आता दुसरा आकडा बघा. गरोदरपणात निदान चार तपासण्या झालेल्या बायका शहरात ६८ टक्के, गावात ५४ टक्के. आणि तिसरा: २०१८–२० या काळात मध्य प्रदेशात दर लाख जिवंत जन्मांमागे १७३ मातांचा मृत्यू झाला. देशाची सरासरी ९७ होती, महाराष्ट्राची ३३. इतक्या जणी दवाखान्यात बाळंत होऊ लागल्या, तरी आपला आकडा शेजारच्या राज्याच्या पाचपट. म्हणजे दवाखान्याच्या दारापर्यंत बाई पोचते, पण त्या दवाखान्यात काय होतं, तिथून पुढे किती वेळात हलवतात आणि आधीच्या नऊ महिन्यांत काय तपासलं, तिथे गाडी अडते. पुढचे बहुतेक प्रश्न याच तीन ठिकाणांबद्दल आहेत.

दवाखाना गावातही आहे आणि शहरातही. मग फरक कसला?

दवाखाना या एकाच शब्दात आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. नियमाप्रमाणे सपाट भागात ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० ला एक सामुदायिक आरोग्य केंद्र असतं. आदिवासी आणि डोंगरी भागात हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,००० असे आहेत. (उपकेंद्रांवर आणि प्राथमिक केंद्रांवर आता "आयुष्मान आरोग्य मंदिर" अशी पाटी दिसते, त्यामुळे गोंधळू नका.) प्राथमिक केंद्रात सरळ, विनाअडचण बाळंतपण नर्स सिस्टर उत्तम करतात. सिझरला मात्र बाळंतपणाचे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हजर लागतात. सामुदायिक केंद्रात त्या असायला हव्यात. प्रत्यक्षात भूलतज्ज्ञाची खुर्ची रिकामी असेल, तर बाकीचे दोन असूनही ऑपरेशन होत नाही.

मग पर्ची फाटते: "रेफर टू इंदौर". गाडी बोलवा, ती येईपर्यंत थांबा, तिथे पोचून पुन्हा पर्ची काढा. बाळंतपणानंतर अंगावरून जास्त जायला लागलं, तर उपचाराविना दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. रामबागेतल्या बाईचा दवाखाना चुकला, तरी दुसरा पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मानपूरच्या घाटाकडच्या पाड्यावरच्या बाईचे ते दोन तास रस्त्यातच संपतात, आणि अलीराजपूरकडच्या बाईला तर जिल्ह्याच्या दवाखान्यात सोय झाली नाही तर इंदूर गाठणं म्हणजे चार-पाच तासांचा प्रवास.

थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बायकांनी १९९४ साली या उशिराची तीन ठिकाणं सांगितली होती: घरी निर्णय घ्यायला लागणारा उशीर, पोचायला लागणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा उशीर. तीस वर्षं झाली, तरी गावाकडची कुठलीही वाईट बातमी ऐका, यातलं एक तरी त्यात असतंच. घरचा उशीर आपल्याकडेही कमी नसतो. "हे ऑफिसातून आले की जाऊ" हा निर्णय शहरातल्या तीन मजली घरातही घेतला जातो.

जवळच्या केंद्रात बाळंतपण करायचं ठरवलं, तर आधी काय विचारून ठेवावं?

आठव्या महिन्यात घरच्या एका माणसाने स्वतः जाऊन विचारावं: इथे रात्री सिझर होतं का? भूल देणारे डॉक्टर रात्री बोलावल्यावर किती वेळात येतात? रक्त इथे ठेवलेलं असतं की बाहेरून आणायचं? "होतं, होतं" असं तोंडभरून उत्तर मिळालं, तर मागच्या महिन्यात किती झाली ते विचारा. त्यावर जो चेहरा होतो, त्यावरून कळतं.

चार तपासण्या म्हणजे नक्की काय? आमच्या सुनेच्या कार्डावर चार शिक्के आहेत, म्हणजे झालं ना?

शिक्के मोजू नका, रकाने वाचा. गुलाबी-पिवळं जे माता व बाल सुरक्षा कार्ड मिळतं, त्याला कुणी ममता कार्ड म्हणतं, कुणी टीकाकरण कार्ड. ते उघडा. तपासणीच्या पानावर तारखेखाली वजन, बीपी, रक्ताचं प्रमाण, लघवीतली साखर आणि प्रथिनं, गर्भाशयाची उंची, बाळाचे ठोके असे रकाने असतात. आम्ही पाहिलेल्या कित्येक कार्डांवर वजन प्रत्येक वेळी लिहिलेलं, टीटीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन लिहिलेलं आणि लघवीचा रकाना सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोरा. काही ठिकाणी तर बीपी दर वेळी ११०/७०. माणसाचं बीपी इतकं शिस्तीत राहत नाही.

पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४ आणि चौथी ३६ व्या आठवड्यानंतर, ही किमान मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सांगते. शहरात खासगी डॉक्टरकडे जाणारीच्या दहा-बारा भेटी सहज होतात. गावातल्या बाईच्या मोजून चारच होणार असतील, तर त्या चारांतली एकही वाया जाता कामा नये.

प्रत्येक वेळी बीपी आणि लघवी हवीच, कारण बीपी वाढलंय आणि लघवीतून प्रथिनं जाताहेत हे बाईला स्वतःला जाणवत नाही. १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टर दाखवायलाच हवा. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करायची असते. गावाकडे दुसऱ्यांदा करायची राहून जाते, आठवण आपणच द्यावी. रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस एकदा. धनुर्वाताचं इंजेक्शन, ज्याला आता टीडी म्हणतात, दोनदा.

महिन्याच्या ९ तारखेचं काय असतं?

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून. दर महिन्याच्या ९ तारखेला ठरलेल्या सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांना डॉक्टर स्वतः तपासतात, मोफत. एरवी गावात तपासणी सिस्टरच्याच हातून होते, म्हणून ही तारीख खेड्यातल्या बाईला जास्त मोलाची. जोखमीची केस असेल तर कार्डावर लाल स्टिकर लावतात. लाल स्टिकर लागलं म्हणून सुनेला घाबरवू नका. त्याचा अर्थ एवढाच, की हिचं बाळंतपण जिथे रात्री सिझर होतं तिथेच करायचं.

सोनोग्राफी गावात का होत नाही?

मशीन आणि ते चालवायला पात्र डॉक्टर, दोन्ही लागतात. शिवाय १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची नोंदणी लागते आणि प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म एफ भरावा लागतो. त्यासाठी आधार सोबत न्या. मुलगा की मुलगी, हे विचारू नका. विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

गावातल्या बाईला एकच सोनोग्राफी परवडणार असेल, तर ती १८ ते २० आठवड्यांतली करावी, असं आम्ही सांगतो. बाळात काही व्यंग आहे का, वार खाली आहे का, जुळी आहेत का, हे तेव्हा दिसतं. प्रत्यक्षात बऱ्याच जणी नववा लागल्यावर "एकदा बघून घेऊ" म्हणून जातात. तोवर बऱ्याच गोष्टींचा उपयोग संपलेला असतो.

सून इंदुरात, माहेर देपालपूरकडच्या गावात. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं म्हणतात. पाठवावी का?

हा आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यावर घराघरात रुसवेफुगवे होतात.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होतं, ओटी भरली जाते, फोटो होतात आणि आठवा लागायच्या आत लेक माहेरी निघते. सोबत साड्या असतात, डिंकाचे लाडू करायचं सामान असतं. फाईल मात्र इंदूरच्या डॉक्टरकडे राहते. तिकडची सिस्टर या बाईला पहिल्यांदा बघते ती ३३–३४ आठवड्यांना: आधीचं बीपी काय होतं माहीत नाही, रक्तगटाचा कागद नाही, सोनोग्राफी "नॉर्मल होती म्हणाले". शहरातली बाई गावी गेली की तिला शहराची सोय उरत नाही आणि गावाच्या यादीतही तिचं नाव नसतं. दोन्हीकडून सुटते.

पहिलं बाळंतपण आईजवळ व्हावं, या रीतीत मोठं शहाणपण आहे. सासरी पाहुण्यांसमोर पदर सावरत बसणारी मुलगी माहेरी पाय पसरून झोपते, बाळाला पाजताना लाजत नाही. ते घालवू नका. पण आधी सिझर झालेलं असेल, बीपी किंवा साखर असेल, जुळं असेल, वार खाली असेल, रक्तातलं हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल किंवा उंची फारच कमी असेल, तर आमचा सल्ला सरळ आहे: आईनेच दोन महिने इंदुरात येऊन राहावं. जावयाच्या घरी इतके दिवस कसं राहायचं, हा प्रश्न विहीणबाईंनी एका फोनवर सोडवावा. किंवा बाळंतपण इंदुरात करून सव्वा महिना माहेरी जावं. हा मधला मार्ग आता बऱ्याच घरांनी पत्करलाय.

जोखीम काही नसेल आणि पाठवायचंच ठरलं, तर निघण्याआधी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा, आणि पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या एएनएमकडे (उपकेंद्रातल्या सिस्टरकडे) नाव घाला.

दोन ठिकाणी नाव घातलं तर अडचण येते का? पैसे बुडतात का?

नाव एकदाच घालायचं, पुढे फक्त ठिकाण बदलतं. पहिल्या नोंदणीच्या वेळी एक आरसीएच क्रमांक मिळतो. तो कार्डावर लिहून घ्या, दुसऱ्या ठिकाणी तोच सांगायचा. मध्य प्रदेशात त्याबरोबर समग्र आयडी (राज्याचा कुटुंब आणि सदस्य ओळख क्रमांक) विचारतातच. नव्या सुनेची समग्र अजून माहेरच्या कुटुंबात असते, बँकेचं खातं माहेरच्या आडनावाने आणि आधारवर नवऱ्याचं नाव, असा तिढा जवळपास प्रत्येक घरात आहे. पैसे अडतात ते इथे. तिसऱ्या महिन्यात हे काम उरका, नवव्यात रांगेत उभं राहायची वेळ आणू नका.

पैसे नेमके किती मिळतात?

जननी सुरक्षा योजनेत मध्य प्रदेशात सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यावर ग्रामीण बाईला १,४०० आणि शहरी बाईला १,००० रुपये. कितवं मूल, ही अट इथे नाही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. त्याला उत्पन्नाच्या किंवा प्रवर्गाच्या अटी आहेत, अंगणवाडीत विचारा. संबल कार्ड असलेल्या असंघटित कामगार घरांसाठी राज्याची १६,००० रुपयांची प्रसूती सहायता आहे: ४,००० गरोदरपणातल्या तपासण्या झाल्यावर, १२,००० बाळंतपणानंतर. इतर योजनांतून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. आपल्याकडे भांडी-धुणं करणाऱ्या बाईला हे बहुधा लागू पडतं आणि बहुधा तिला कुणी सांगितलेलं नसतं.

सरकारी दवाखान्यात सगळं फुकट म्हणतात, मग पैसे का मागतात?

मागायला नकोत. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे: बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण (साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझरमध्ये सात), घरून आणणं, दुसऱ्या दवाखान्यात हलवणं आणि घरी सोडणं, सगळं मोफत. तरीही मुलगा झाला की "मिठाई" मागणारे हात पुढे येतात. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडते. गावाहून आलेल्या माणसाला वाटतं, दिले नाहीत तर माझ्या बायकोकडे बघणार नाहीत, आणि तो उसने काढून देतो. शहरातला माणूस निदान आवाज चढवतो.

तक्रार १८१ या सीएम हेल्पलाइनवर करता येते. तक्रारीचा क्रमांक घ्या आणि "बंद करा" असा फोन आला तरी काम झाल्याशिवाय हो म्हणू नका.

आशा ताई शहरातही असते का?

असते. साधारण हजार वस्तीमागे एक, ही गावातली रीत. शहरात वस्त्यांसाठी आहेत, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी त्यांना पाहिलेलं नसतं. या एका बाबतीत गाव पुढे आहे. गावातली आशा कोणाची पाळी चुकली, हे सासूच्या आधी ओळखते. लोकमान्य नगरातली एकटी राहणारी नवी सून आठवा लागेपर्यंत शेजारणीलाही माहीत नसते.

कामाला येणारी बाई इंदुरातच राहते. तिला तर शहराच्या सगळ्या सोयी मिळत असतील ना?

कागदावर. सर्वेक्षणात ती "शहरी" म्हणून मोजली जाते, आणि शहराची सरासरी तिच्या हालांवर पांघरूण घालते. नियमाने ५०,००० लोकवस्तीला एक शहरी प्राथमिक केंद्र आहे, इंदुरात संजीवनी क्लिनिकं आहेत, एमटीएच (महाराजा तुकोजीराव रुग्णालय) आणि प्रकाशचंद्र सेठी रुग्णालय आहे, वर एमवाय हे मोठं सरकारी रुग्णालय आहेच. त्यांच्यापासून ती रिक्षाने वीस मिनिटांवर राहते. पण तपासणीची वेळ सकाळची, आणि सकाळी तिची चार घरं असतात. एक खाडा म्हणजे एका दिवसाचे पैसे, कधीकधी कामच.

बांधकामावर राहणाऱ्या बायकांचं आणखी वेगळं. झाबुआ, अलीराजपूर, धारकडून जोडपी येतात, इमारत संपली की दुसरीकडे, कधी थेट गुजरातेत. साईटवरचा पत्र्याचा निवारा कुठल्याच आशेच्या यादीत नसतो. गावची आशा म्हणते "ती इंदूरला गेली", इंदूरची म्हणते "ती आमची नाही". पहिली तपासणी गावात, दुसरी कुठेच नाही, आणि कळा सुरू झाल्यावर ती एमवायच्या दारात उभी. तिथल्या डॉक्टरसमोर फक्त कळा देणारी बाई असते, कागद एकही नसतो. त्यात तिची बोली भिली, समोरच्यांची हिंदी. तिच्या "दुखतंय" आणि "डोकं दुखून अंधारी येतेय" यातला फरक घाईत कळत नाही.

तुमच्या घरी अशी बाई येत असेल, तर एक करता येईल: ९ तारखेला तिला अर्धा दिवस पगारी सुटी द्या. ९ ला सुटी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. आणि कार्ड सरकारी आहे, कुठल्याही गावाचं असलं तरी इथे चालतं, हे तिला सांगा. "आमचं कार्ड तिकडचं आहे" म्हणून न जाणाऱ्या खूप आहेत.

रक्त कमी आहे म्हणतात. गोळ्या दिल्यात, तरी वाढत नाही.

गरोदर बाईत हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. २०१९–२१ च्या सर्वेक्षणात गावांत ५४ टक्के आणि शहरांत ४६ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं. शहराचाही आकडा काही मिरवण्यासारखा नाही, साठ हजारांचा मोबाईल असलेल्या घरातही हे आहे.

निदान सहा महिने रोज एक लोहाची गोळी, असा नियम. पूर्ण सहा महिने घेणाऱ्या देशात चौघींत एक. बाकीच्या गोळ्या फडताळात राहतात, कारण शौचाला काळं होतं, मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव येते, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की बाळ काळं होईल. बाळ काळं होत नाही. गोळी सकाळच्या पोहे-चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह अंगाला लागू देत नाही. रात्री जेवणानंतर तासाभराने, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. एवढं पाळून महिन्याभरात वाढलं नाही, तर शिरेतून लोह देतात. त्यासाठी मोठ्या केंद्रात जावं लागतं.

झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बघायला हवा. तो असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी काही होत नाही आणि बाळंतपण जोखमीचं धरतात. २०२३ च्या जुलैत शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तपासणी मोफत आहे.

खासगीत नेलं की सिझरच करतात, हे खरं का?

देशभरात खासगी दवाखान्यांतल्या सुमारे ४७ टक्के बाळंतपणांत सिझर झालं, सरकारीत १४ टक्के. शहरी बायकांत एकूण ३२ टक्के, ग्रामीणमध्ये जवळपास १८. जोखमीच्या केस खासगीत जास्त जातात म्हणावं, तर तसंही नाही, आपल्याकडे त्या शेवटी एमवायलाच येतात. शहरात काहींचं गरज नसताना पोट फाडलं जातं, आणि घाटाकडे जिला खरंच सिझर हवं होतं तिला ते वेळेत मिळत नाही. दोन्ही एकाच जिल्ह्यात. डॉक्टरांना कारण विचारा आणि फाईलवर लिहून मागा. मुहूर्त काढून सिझर मागणाऱ्या आजी-आजोबांनी मात्र डॉक्टरांना नावं ठेवू नयेत.

१०८ ला फोन केल्यावर काय सांगायचं?

आधी गाव आणि तहसील, मग खूण: शाळा, मंदिर, फाटा. एकाच नावाची गावं खूप आहेत, त्यामुळे तहसील विसरू नका. नंतर कितवा महिना, कळा किती वेळाने येताहेत, पाणी गेलंय का, अंगावरून जातंय का, आधी सिझर झालंय का. फोन बंद करू नका आणि नंतर तो मोकळा ठेवा, ड्रायव्हर त्याच नंबरवर रस्ता विचारतो. नेमका तेव्हा घरातला प्रत्येक जण नातेवाइकांना कळवत असतो.

घाटाकडे रेंज नसते. नववा लागला की रेंज कुठल्या टेकाडावर मिळते ते ठरवून ठेवा आणि गावातल्या एका जीपवाल्याशी बोलून ठेवा, पैसेही बाजूला काढा. गाडी अर्ध्या तासात आली नाही तर जीपने निघायचं, हे आधीच ठरलेलं असावं, कारण त्या वेळी घरात पाच मतं असतात. पिशवीत कार्ड, सगळे रिपोर्ट, आधार, समग्र, पासबुक, धुतलेली सुती फडकी. सोबत रक्त देऊ शकेल असा एक धडधाकट माणूस. १०८ सहसा सरकारी दवाखान्यातच नेते, हेही माहीत असू द्या.

कुठल्या लक्षणांत थांबायचं नाही?

अंगावरून रक्त जाणं, मग ते थोडं का असेना. डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं. चेहरा आणि हात सुजणं. झटके. बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं. कळा नसताना पाणी जाणं. ताप, धाप. झटके आले तर देवऋषी नको, कांदा हुंगवणं नको, कुशीवर वळवा आणि गाडीत घाला.

आमच्या वेळी कुठे होत्या तपासण्या? आम्ही नाही का पाच-पाच बाळंतपणं केली?

केली. ज्यांची नीट झाली, त्या आज सांगायला आहेत.

बाळंतपण झाल्यावर लगेच घरी आणलं तर चालेल का?

साध्या बाळंतपणातही ४८ तास थांबा. गावाकडचे लोक घाई करतात, कारण सोबतच्या माणसाला झोपायला जागा नसते, घरी गुरं असतात. पण अंगावरून जास्त जाण्याचा आणि झटक्यांचा धोका पहिल्या दोन दिवसांतच मोठा.

घरी आल्यावर आशा ताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येऊन बाळ-बाळंतीण बघायची असतात. शहरात ती आली नाही, तर आपण विचारत नाही. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही ही रीत पाळा, पण ताप आला, घाण वास यायला लागला किंवा टाके दुखले तर ती मोडा. आणि शेक-शेगडी करताना खोलीचं दार-खिडकी बंद करू नका.

जन्माचा दाखला कुठे काढायचा, इंदुरात की गावात?

जिथे बाळ जन्मलं तिथे. सरकारी दवाखान्यात झालं असेल तर सुटी होण्याआधी तिथूनच अर्ज करा, २१ दिवसांच्या आत नोंदीला पैसे लागत नाहीत. आईचं नाव आधारवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर लिहून द्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा ठेवता येतो, नंतर घालता येतं. बारशाची वाट बघत बसू नका.